एकाच उपकेंद्रातल्या दोन पाड्यांत मुलांचं एचबी (हिमोग्लोबिन) वेगळं का?

प्रश्न असा आला आहे: "मी सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. एकाच उपकेंद्रात माझे दोन पाडे आहेत. लोहाचं सिरप तेच, टीएचआर (अंगणवाडीतून घरी न्यायचा कोरडा आहार) तोच, सिस्टर तीच. तरी एका पाड्यात पाच वर्षांखालची जवळजवळ सगळी मुलं ॲनिमिक आणि दुसऱ्यात निम्म्याहून कमी. शोधनिबंधांत 'वैयक्तिक घटक' आणि 'सामुदायिक घटक' अशी कोष्टकं असतात. त्यांचा माझ्या पाड्यात काय उपयोग करू? आयांचं समुपदेशन पुरेसं आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, पुरेसं नाही. आईला "हिरव्या पालेभाज्या द्या" सांगितलं की काम झालं, ही आपल्या खात्याची जुनी सवय आहे. मुलाचं रक्त कमी पडण्याची कारणं मुलाच्या शरीरातच असतात, हे खरं. पण त्यातलं कुठलं कारण कुठल्या मुलाच्या वाट्याला यावं, हे बऱ्याच अंशी पाडा ठरवतो. म्हणून कोष्टकातले ते दोन रकाने वेगवेगळे वाचून काही हाती लागत नाही.

त्याआधी एक शंका. तुमच्या दोन पाड्यांतला फरक खरा आहे ना? लहान मुलाच्या बोटातून थेंब नीट येत नाही, मुलगा रडतो, मागे रांग असते, मग बोट पिळलं जातं. पिळलं की ऊतींमधलं पाणी रक्तात मिसळतं आणि एचबी खोटंच कमी दिसतं. थंडीच्या सकाळी गार बोटांवर हे जास्त होतं. दोन्ही पाड्यांत एकाच व्यक्तीने, एकाच यंत्रावर, पहिला थेंब पुसून टाकून मोजलं का, ते तपासा. यात क्षुल्लक काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (2019-21) देशातली 6 ते 59 महिन्यांची 67.1 टक्के मुलं ॲनिमिक सांगितली. महाराष्ट्राचा आकडा 68.9, आधीच्या फेरीत तो 53.8 होता. तर 2016-18 च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात 1 ते 4 वर्षांच्या मुलांत तो 41 टक्के निघाला. दोन्ही सरकारीच सर्वेक्षणं. वयोगट आणि काळ वेगळे आहेत, पण पहिल्यात बोटातलं रक्त होतं आणि दुसऱ्यात शिरेतलं, हा फरक तज्ज्ञांच्या वादाच्या मुळाशी आहे. शिवाय 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेने 6 ते 23 महिन्यांच्या मुलांसाठी ॲनिमिया ठरवायची एचबीची मर्यादा डेसिलिटरला 11 वरून 10.5 ग्रॅमवर आणली. चौदा महिन्यांचं 10.7 एचबीचं बाळ जुन्या हिशेबात ॲनिमिक होतं, नव्यात नाही. तेव्हा तुमच्या यादीत कुठली मर्यादा लावली आहे, हेही बघून घ्या.

एवढं करूनही फरक उरला, तर तो खरा मानू.

आता बाळाचं लोहाचं खातं बघा. जन्मताना बाळाच्या शरीरात दर किलोला साधारण 75 मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे तीन किलोचं बाळ सव्वादोनशे मिलिग्रॅम घेऊन येतं आणि दोन किलोचं दीडशे. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. ते छान शोषलं जातं, पण मुळात आहेच थोडं. बाळ वर्षभरात तिप्पट वजनाचं होतं, रक्तही त्या प्रमाणात वाढवावं लागतं. वेळेवर जन्मलेल्या, चांगल्या वजनाच्या बाळाला ही शिल्लक चार ते सहा महिने पुरते. कमी वजनाच्या बाळाची दोन-तीन महिन्यांतच संपत येते. म्हणून अशा बाळाला सहाव्या महिन्याची वाट न बघता लोहाचे थेंब लवकर सुरू करावे लागतात. आपल्याकडे हे एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांच्या कक्षाच्या) डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं आणि पाड्यात पोचेपर्यंत विसरलेलं असतं.

म्हणजे तुमच्या पाड्यातल्या फिकट मुलांतली बरीचशी जन्मतानाच मागे होती. इथून वैयक्तिक कारण संपून पाड्याचं कारण सुरू होतं. आई कोणत्या वयात आई झाली? दोन बाळंतपणांत अंतर किती? गरोदरपणात तिला गोळ्या मिळाल्या का, तिने घेतल्या का, आणि शेवटच्या महिन्यापर्यंत ती डोंगर उतरून पाणी आणत होती का? राज्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं, तेही याच पाचव्या फेरीत. राज्याच्या सरासरीत हा आकडा पसरलेला दिसतो. प्रत्यक्षात तो काही पाड्यांत साचलेला असतो. सोळाव्या वर्षी स्वतःच वाढत असलेल्या मुलीच्या पोटात बाळ वाढतं तेव्हा लोह दोघींत वाटलं जातं.

नाळेचाही इथे वाटा आहे. जन्मानंतर एक ते तीन मिनिटं थांबून नाळ कापली, तर वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढचे काही महिने त्याची लोहाची शिल्लक बरी राहते. गंमत अशी, की अनेक भागांत जुन्या दाया वार पडेपर्यंत नाळ कापतच नसत. दवाखान्यात बाळंतपणं आणली हे उत्तमच झालं, त्याने जीव वाचले. पण आपल्या लेबर रूममधली घाईची कात्री मात्र थांबवायला हवी. तुमच्या केंद्रात बाळ रडलं की लगेच नाळ कापतात का, हे सिस्टरना विचारू नका, उभं राहून बघा.

सहा ते तेवीस महिने हा सगळ्यात अडचणीचा काळ. कुठल्याही सर्वेक्षणात ॲनिमियाचं टोक याच वयात दिसतं आणि पुढे वयाबरोबर ते उतरतं. कारण साधं आहे: शिल्लक संपलेली, वाढीचा वेग मोठा आणि वाटीत पेज. देशभरात या वयाच्या मुलांपैकी जेमतेम 11 टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो, असं तीच पाचवी फेरी सांगते. भाताची पेज, भाकरी दुधात किंवा कोऱ्या चहात कुस्करून, वरणाचं वरचं पाणी, आणि पाच रुपयांचं बिस्किट. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह बांधून ठेवतं, त्यामुळे भाकरीबरोबरचा चहा दुहेरी नुकसान करतो.

आहाराच्या सल्ल्यात आपण बराच गोंधळ घालतो, म्हणून इथे थोडा थांबतो. पालकाच्या भाजीचं नाव लोहाशी जोडलं गेलंय खरं, पण त्यातलं लोह फारसं शोषलं जात नाही. वनस्पतींमधलं लोह एरवीही थोडंच अंगी लागतं. लिंबू, आवळा, कैरी, चिंच यांच्यासोबत ते वाढतं. मांस, मासे, खेकडे, कलेजी यांतलं लोह कितीतरी जास्त शोषलं जातं. सातपुड्यातली बहुतेक कुटुंबं मांसाहारी आहेत, पण वर्षाच्या मुलाला "पचणार नाही" म्हणून मटणाचा रस्सा फक्त चाटवतात आणि तुकडे मोठ्यांच्या ताटात जातात. रश्श्यात लोह नसल्यासारखंच. ते तुकड्यात असतं, तेव्हा तुकडा बारीक कुटून द्यायला सांगा. सुकट आठवडी बाजारात मिळते; भाजून कुटून ठेवली तर महिनाभर टिकते आणि भातात कालवता येते. अंड्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या मुलांना अंडी मिळतात, ती मिळायलाच हवीत, प्रथिनं आणि बी-12 साठी ती सोन्यासारखी आहेत. पण अंड्यातलं लोह नीट शोषलं जात नाही, त्यामुळे अंडी वाटली म्हणजे ॲनिमियावर काम केलं असं अहवालात लिहू नये. नाचणीचंही तसंच. कॅल्शियम भरपूर, लोह बेताचं. बाजरी त्यात बरी.

उलट टोकाची चूक सुखवस्तू घरांत होते, ती तुम्हाला तालुक्याच्या ठिकाणी दिसेल. दीड वर्षाचा गुटगुटीत मुलगा, दिवसाला लिटरभर गाईचं दूध, बाकी काही खात नाही, आणि एचबी सात. गाईच्या दुधात लोह नगण्य, त्यातलं कॅल्शियम इतर लोहाला अडवतं आणि पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही. देशातल्या सर्वात श्रीमंत पाचव्या हिश्श्यातलीही निम्म्याहून जास्त मुलं याच पाचव्या फेरीत ॲनिमिक निघाली. तेव्हा गरिबी हे मोठं कारण असलं, तरी एकमेव नाही.

आणि सगळा ॲनिमिया लोहाचाही नाही. मी आधी उल्लेखलेल्या पोषण सर्वेक्षणात 1 ते 4 वर्षांच्या 32 टक्के मुलांत लोहाची, 23 टक्क्यांत फोलेटची आणि 14 टक्क्यांत बी-12 ची कमतरता होती. आठ-दहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं, फिकट, बोटांच्या पेरांवर काळसर झालेलं, हसायचं विसरलेलं, हात थरथरणारं बाळ आलं, तर सिरपच्या बाटलीकडे हात नेण्याआधी बी-12 आठवा आणि आईलाही तपासा. तिच्याकडेच नसेल तर दुधात कुठून येणार?

आता असे घटक, जे कुठल्याही एका आईच्या हातात नाहीत.

पहिला शौच, पाणी आणि जंत. अंकुशकृमीची अळी मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते आणि आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पिते. एका घराने शौचालय बांधून वापरलं आणि बाकीचा पाडा ओढ्याकाठी जात राहिला, तर त्या घरातली मुलं खेळतात ती माती तीच राहते. सामुदायिक घटक म्हणतात तो हा: स्वतःच्या घरात सगळं नीट करूनही शेजारच्या सवयीचा परिणाम मुलावर होतो. म्हणून अल्बेंडाझोल सगळ्या मुलांना एकाच दिवशी देतात, एक ते दोन वर्षांच्या मुलाला 200 मिलिग्रॅम आणि त्यापुढे 400. त्या दिवशी पाड्यात मुलंच नसतील, तर फायदा नाही. याकडे पुढे येतोच.

दुसरा वारंवारचा आजार. जुलाब, खोकला, ताप यांत यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. ते आतड्यातलं लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातलं बाहेर पडू देत नाही. महिन्यातून दोनदा आजारी पडणाऱ्या मुलाला सिरप दिलं, तरी बराचसा भाग शौचावाटे निघून जातो. दोन पाड्यांपैकी एकाला हातपंप आहे आणि दुसरा झिऱ्यावर अवलंबून आहे, असं असेल तर तुमच्या फरकाचा एक मोठा तुकडा तुम्हाला सापडला म्हणून समजा. धुराने भरलेली चुलीची खोली हाही त्यातलाच भाग.

तिसरा हिवताप. तुमच्याकडे तो गडचिरोलीइतका नसेल, पण पावसाळ्यानंतर हिवतापासाठी रक्ताची स्लाइड काढल्याशिवाय तीव्र ॲनिमियाचं निदान पूर्ण समजू नका. झांझिबारच्या पेम्बा बेटावरचा 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवतो का? हिवतापाचा जोर असलेल्या त्या भागात लहान मुलांना सरसकट लोह दिल्यावर रुग्णालयात भरती होण्याचं आणि मृत्यूंचं प्रमाण वाढलं. आफ्रिकेतल्या अनेक गरीब देशांत मुलांच्या ॲनिमियाचं चित्र हिवतापाशिवाय समजतच नाही, आणि तिथली कोष्टकं जशीच्या तशी आपल्या पाड्यावर लावता येत नाहीत ती त्यामुळेच.

चौथा सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक दोष. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत, तसंच विदर्भातल्या गोंड-माडियांपासून काही इतर समाजांपर्यंत तो आहे. नुसता वाहक असलेल्या मुलाचं एचबी त्यामुळे घटत नाही, हे आधी आयांना आणि शिक्षकांना सांगा. विनाकारण शिक्का बसतो. मात्र ज्याला दोन्ही पालकांकडून तो मिळाला, त्या मुलाला आपण वर्षानुवर्षं लोह पाजत राहतो आणि एचबी सातच्या आसपास रेंगाळतं. हातापायाचे पंजे सुजून रडणारं वर्षभराचं बाळ, डोळ्यांत पिवळेपणा, वाढलेली प्लीहा असं काही दिसलं, तर सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीवर न थांबता एचपीएलसीला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पक्क्या चाचणीला, नमुना पाठवा. अगदी लहान वयात सोल्युबिलिटी खोटी नकारात्मक येते. 2023 च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे चाचण्यांची सोय आता पूर्वीपेक्षा बरी आहे. दोन पाडे दोन वेगळ्या कुळांचे असतील आणि लग्नं आपसातच होत असतील, तर नुसत्या या एका कारणानेही सरासरी हलते.

पण माझ्या अनुभवात या सगळ्यांपेक्षा जास्त फरक पाडणारी आणि कोष्टकात क्वचितच येणारी गोष्ट म्हणजे स्थलांतर. तुमच्या भागातली कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत बारडोलीकडे उसाला किंवा सौराष्ट्रात शेतमजुरीला जातात. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. बीडचा ऊसतोड मजूर असो की धडगावचा, नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचं एक एकक, धरला जातो. बाई गरोदर असली तरी कोयता अर्धा होत नाही. पहाटे फडात, रात्री ट्रॅक्टर भरायला. मूल कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. ती त्याला काय भरवणार? भाकरीचा तुकडा नाहीतर बिस्किट. वरचं अन्न दिवसातून तीन-चारदा द्या, असं आपण कार्डावर लिहितो. फडातली आई दिवसातून दोनदाच कोपीवर येते.

या पाच-सहा महिन्यांत सिरप बंद, टीएचआर बंद, 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिवशी मुलं गावात नाहीत. ज्या गावात ती असतात तिथली आशा त्यांना आपल्या यादीत धरत नाही, आणि गुजरातीतल्या अंगणवाडीत पावरी बोलणारी आई जात नाही. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या ॲपवर) नाव असतं, मूल नसतं. तुमच्या दोन पाड्यांत कोणता पाडा बाहेर जातो आणि कोणाची शेती बारमाही पाण्याखाली आहे, ते आधी बघा. हा एक प्रश्न विचारल्याशिवाय दोन पाड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

शोधनिबंधांतल्या कोष्टकांबद्दल दोन शब्द. त्यांत एका नमुना गटातल्या मुलांची कुटुंबं एकत्र धरून वस्तीची गरिबी, वस्तीतल्या बायकांचं शिक्षण, दवाखान्याचं अंतर असे सामुदायिक आकडे बनवतात. मुलाचं वय, आईचं एचबी, घरची स्थिती हे सगळं हिशेबात घेतल्यावरही वस्ती-वस्तीत थोडा फरक उरतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तो कशामुळे, हे कोष्टक सांगत नाही. "वस्तीतल्या बायका शिकलेल्या असतील तर मुलं कमी ॲनिमिक" याचा अर्थ अशिक्षित आई दोषी असा काढणारे अधिकारी मला भेटले आहेत. शिकलेल्या बायका जिथे आहेत तिथे रस्ता आहे, शाळा आहे, दुकान आहे, आणि सिस्टर गुरुवारी खरंच येते. शिक्षण हे तिथे बाकी सगळ्याची खूण म्हणून दिसतं.

सिरपबद्दल. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात 6 ते 59 महिन्यांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा 1 मिली, त्यात 20 मिलिग्रॅम लोह आणि 100 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. वर्षाला जवळपास 100 मिली, म्हणजे 50 मिलीच्या दोन बाटल्या. हा प्रतिबंधाचा डोस आहे. ॲनिमिया झालेल्या मुलाला उपचाराचा डोस, दर किलो वजनाला रोज 3 मिलिग्रॅम लोह, दोन महिने द्यायचा असतो. फिकट मुलाला आठवड्याचे दोन डोस पाजून "सिरप चालू आहे" असं लिहिलेलं मी फार ठिकाणी पाहिलं. बाटल्या का परत येतात, तेही विचारा. शी काळी होते म्हणून घाबरून, तोंडाला लोखंडाची चव म्हणून, दात काळे पडतात म्हणून, किंवा रिकाम्या पोटी दिल्यावर उलटी झाली म्हणून. यातलं प्रत्येक उत्तर आधीच सांगितलं असतं, तर बाटली परत आली नसती. आणि पावरीत सांगितलं असतं तर आणखी बरं. सेविका बाहेरची आणि मराठी बोलणारी असेल, तर पाड्यातल्या मदतनीसबाईंना पुढे करा.

तुम्ही नेमकं काय करावं, हेही विचारलंय. पहिल्या आठवड्यात दोन्ही पाड्यांची 6 ते 23 महिन्यांचीच यादी करा, सगळ्या वयांची नको. बहुतेक तीस-चाळीसच मुलं निघतील. प्रत्येकासमोर जन्माचं वजन, आईचं आजचं एचबी, गेल्या हंगामात कुटुंब कुठे होतं, पाणी कुठलं, आणि गेल्या पंधरा दिवसांतला आजार, एवढे पाचच रकाने. कागदावर, ॲपमध्ये नको. ही यादी भिंतीला लावून सिस्टर, आशा, सेविका यांच्यासोबत बसा. फरकाचं कारण बहुतेक वेळा तासाभरात दिसतं, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

सातच्या खालची मुलं थांबवून ठेवू नका, त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. गाडीत आईबरोबर आशा बसेल अशी सोय करा, नाहीतर मूल वाटेतून परत येतं. बाकीच्यांना उपचाराचा डोस आणि महिन्याने फेरतपासणी. महिन्यात एचबी एक ग्रॅमभर वाढलं, तर लोहच कमी होतं. सिरप नियमित पोटात जाऊनही वाढलं नाही, तर सिकलसेल, बी-12, जंत, हिवताप या क्रमाने मागे लागा.

बाहेर जाणाऱ्या पाड्याचं वेळापत्रक वेगळं करायला जिल्ह्याची परवानगी मागा. ऑगस्टची जंताची फेरी त्यांना नीट मिळते. फेब्रुवारीची मिळणार नाही, म्हणून ते परत आल्यावर, एप्रिल-मेमध्ये, एक वेगळी फेरी हवी. टोळी निघण्याआधी दसऱ्याच्या सुमारास वजन आणि एचबी बघून प्रत्येक मुलामागे सिरपची पूर्ण बाटली द्या, झाकणावर आठवड्याचे दोन वार चिन्हाने खुणावून. गरोदर बायकांना सहा महिन्यांच्या गोळ्या. मुकादमाचा फोन नंबर आशाच्या वहीत असू द्या, कारण टोळी कुठल्या गावात उतरली हे फक्त त्यालाच माहीत असतं. आणि ज्या घरात आजी मागे राहते, तिथे दोन वर्षांच्या आतलं, अंगावर पिणारं मूल तिच्याकडे ठेवा असा सल्ला देऊ नका. अंगावरचं दूध तुटतं आणि दुसरंच संकट उभं राहतं. त्यापेक्षा फडाजवळच्या अंगणवाडीला त्या मुलांची नावं गुजरात सीमेवरच्या नवापूरच्या पुढे गाडी जाण्याआधी कळवा.